अंगठा

तपोवनापलीकडे, मलशुद्धीकरण केंद्राच्या
तिसऱ्या टाकीतून पगारे बादली ओढतो.
नाकाला रुमाल नाही. म्हणतो,
"मॅडम, आठ वर्षं झाली,
आता वासच मला ओळखतो."

मी अर्धा लिटर घेते. बाटलीवर लिहिते:
सोमवार, सहा दहा.

पुढचं सगळं घाईचं.
आरएनए म्हणजे उन्हात ठेवलेलं लोणी,
हात रेंगाळला की गेलं.
रात्रभर यंत्र चिंध्या वाचतं,
सकाळी संगणक त्या शिवायला बसतो,
टोकाला टोक,
जुळलं तर जुळलं.

मिरचीवरचा विषाणू सगळ्यात जास्त.
असणारच,
अख्खं शहर रविवारी मिसळीवर होतं.
द्राक्षवेलींचे दोन, ओळखीचे.
आणि मग यादी लांबत जाते:
साम्य नाही.
साम्य नाही.
चार हजार एकशे बारा वेळा.

ताहेरा म्हणाली, भांडं नीट धुतलं नसेल.
पुन्हा केलं.
पुन्हा तेच आले, तितक्याच शांतपणे.
रोग नव्हेत बहुतेक;
बुरशीत, जिवाणूंत, टाकीतल्या अळ्यांत
आपापलं बिऱ्हाड करून राहणारे.
आपण कधी विचारलं नाही, एवढंच.

अच्युतकाका रामकुंडावर उपाध्ये होते.
येणाऱ्याला प्रश्न दोनच: गाव? आडनाव?
मग लाल फडक्यातून लांबट वही निघायची
आणि त्यात कुणाचा तरी खापरपणजोबा
ओल्या धोतरानिशी उभा असायचा.
एका पानावर नुसतेच अंगठे होते,
शाई तपकिरी पडलेली.
"यांची नावं?"
"लिहिणाऱ्याला ऐकू आली नसतील," काका म्हणाले,
"पण आले होते ना."

या चार हजारांत सामाईक एकच गोष्ट.
त्यावरूनच तर सापडले:
स्वतःची नक्कल उतरवणारं एक प्रथिन,
त्याची घडी उजव्या हातासारखी.
बोटं, तळवा, अंगठा.
उपमा माझी नाही,
पाठ्यपुस्तकात हीच नावं आहेत.

ताहेराने विचारलं, फाइलला नाव काय देऊ?
मी सांगितलं.
ती हसली नाही. टाइप केलं.

तेवढ्यात पगारेचा फोन:
उद्या गंगापूरचं पाणी सोडणार आहेत म्हणे,
गटारात नदी घुसली की सगळं पातळ होईल,
यायचं तर पाचलाच या.
आणि हो,
ती मागची बादली गळते,
नवी आणा.