माणसांसाठी नाही

दुपारी, लिलावाच्या आधी, दुकानात कुणी फिरकत नाही.
मुदत संपलेल्या स्ट्रिपा मी वेगळ्या काढत बसते.
हिरामण चोगले आला थर्माकोलचा डबा काखेत मारून,
झाकणाला चिकटपट्टी, पट्टीला खवलं चिकटलेलं.
मला वाटलं, उधारीपोटी सुरमई.

आत बर्फ. बर्फात पिशवी. पिशवीत
करंगळीच्या पेराएवढी काचेची कुपी,
तळाशी पांढरी भुकटी, जेमतेम,
खारा वारा खिडकीच्या गजावर ठेवून जातो तेवढी.

"पोरानं मागवलंय. मोबाइलवरनं.
वाच, काय लिवलंय."

हिरामण तांडेल. बोटीवर बावीस वर्षं,
आतड्याला सूज येऊन तीन.
आठ-आठ दिवस समुद्र, बोटीला संडास नाही,
सहा खलाशांकडे पाठ करून
माणूस किती वेळा काठावर बसेल?
गेल्या शिमग्यापासून सुकाणू पुतण्याकडे आहे.
हे त्याच्या बायकोनं सांगितलं,
लोहाच्या गोळ्या घेताना, पदराआडून.

मी चष्मा पुसला.
लायसिन, प्रोलिन, व्हॅलिन.
तीनच मणी, हिरामण.
अंगात एक संप्रेरक असतं, तेरा मण्यांचं,
हा त्याचा शेवटचा तुकडा.
मासा कापताना शेपटी मांजराला टाकतोस ना?
कुणीतरी ती न टाकता तपासून पाहिली.
उंदरांच्या आतड्यातली आग म्हणे तिनं निवते.

"उंदरांच्या."
"हो."
"आन् माणसांच्या?"
"अजून कुणाला नीट ठाऊक नाही."

मग तळची ओळ, मुंगीएवढ्या अक्षरांत:
केवळ संशोधनासाठी. माणसांच्या वापरासाठी नाही.
तीही वाचली. वाचायला नको होती असं नाही,
पण आवाज जरा खाली गेला.

तो कुपी उजेडात धरून बघत राहिला.
"मंग मी कोन?"

बाहेर बैलगाड्या पाण्यात शिरत होत्या,
बैलांच्या पोटापर्यंत लाट.
मी म्हटलं, सुई मी टोचणार नाही.
किती घ्यायचं तेही सांगणार नाही, मला येत नाही ते.
दापोलीच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते, कुपी त्यांना दाखव.
आणि आहेत त्या गोळ्या सोडू नकोस.

"सोडल्या नाय. एक दिवसाआड घेतो.
परवडत नाय रोजच्या."

महिन्याचं पाकीट त्याला दोन महिने पुरत होतं.
विकणारी मीच.
बिलावर तारीख घालणारीही मीच.

चिठ्ठी लिहिताना पेन दोनदा अडलं.
स्वस्तातली तीच गोळी दुसऱ्या कंपनीची मिळते,
हे त्याला तीन वर्षांत पहिल्यांदा सांितलं
म्हणायलाही लाज वाटावी, इतकी सोपी गोष्ट.

"तवर ही तुज्या फ्रिजात ऱ्हाऊ दे. बर्फ इतळतंय."

इन्सुलिन, कुत्रं चावल्याची लस,
मध्ये मी जागा केली.
कुणाची ते कळावं म्हणून
त्या छापील ओळीखाली मार्करनं लिहिलं: हिरामण.
डबा तो घेऊन गेला. लिलावाला लागणार होता.

दुकान आमच्या पडवीतच आहे.
रात्री लाइट गेली.
अंधारात उठून मी फ्रिजच्या दाराला तळहात लावला.
अजून गार होतं.