झाडण

तुर्भ्याच्या धान्य बाजारात
गोणीला हुक लागतो नि चार दाणे सांडतात.
त्या चार दाण्यांवर कौतिकाचं घर चालतं,
एकोणीस वर्षं.
मी मापाडी. सांडलेलं माझ्या काट्यावर येत नाही.

ती येते साडेपाचला. खराटा, सूप,
सिमेंटच्या पोत्याची शिवलेली पिशवी.
तूर वेगळी, गहू वेगळा, खडे वेगळे,
उंदराच्या लेंड्या वेगळ्या.
"डोळे आहेत तोवर दात शाबूत," म्हणते.

यंदा फाल्गुनात तिकडे गारा पडल्या.
तिकडे म्हणजे कुठे, ते मला पावत्या सांगतात:
दरसाल लिहितो त्या गावांची नावं
हाताला लिहावीच लागली नाहीत.
मग समुद्रापलीकडे कुणाचं कुणाशी बिनसलं,
आणि आमच्या गल्लीत तेलाचा डबा
दर सोमवारी नवा भाव बोलू लागला.
मग डिझेल.
मग ट्रकवाल्यांचा संप, अकरा दिवस.
कबुतरं उडायची सोडून
फलाटावर पायी हिंडत होती,
किल्ली हरवल्यासारखी.

बाराव्या दिवशी गाड्या आल्या, अर्ध्या.
शेठ म्हणाले, दाणा आता सोनं आहे,
गोणीखाली ताडपत्री अंथरा.
निळी, नवी कोरी.
चार दाणे तिच्यावर पडले
आणि ओंजळीने परत गोणीत गेले.
मी वजन केलं. बरोबर भरलं.

रेशनच्या दुकानात कौतिकाचा अंगठा
मशीनला पटेना.
खडे निवडून रेषा गेलेल्या.
"दुसरं बोट लावा."
"दहा लावली. आता पायाची लावू?"
रांग हसली. मीही रांगेतच होतो,
आमच्याकडेही आमटीत तळ दिसायला लागलाय,
पण ते कुणाला सांगत नाही; मापाड्याचं घर.

ती अजून येते.
ताडपत्रीच्या कडेकडेने झाडते,
चाकाखाली, गटाराच्या जाळीशी,
जिथे धान्य कधीच नव्हतं तिथेही.
काल दुपारी पिशवी माझ्या काट्यावर ठेवली.
"तोला."
"कशाला?"
"एकदा कळू दे."

तीनशे चाळीस ग्रॅम.
"माती धरून?"
"माती धरून."

मी पावती फाडली.
मालाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना, मिश्र लिहिलं.
गावाच्या रकान्यात
पेन थोडा वेळ थांबलं,
मग लिहिलं: तुर्भे.
तिने घडी घालून ती कमरेला खोचली
आणि विचारलं,
"हे दाखवलं तर रेशनवाला देईल का?"