बिनशिक्क्याचं वजन

लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजारात
मी वजनमापं तपासत फिरायचो तेव्हाची गोष्ट.
हातात पितळी शिक्का, काखेत पावतीपुस्तक.
मिरचीवाले लांबूनच ओळखायचे
आणि पारड्याखालचं लोहचुंबक
गूळ गिळावा तसं गिळून टाकायचे.

शेवंती मालंडकर जागची हलली नाही.
एका पारड्यात बोंबील,
दुसऱ्यात तांबडा, भोकाभोकांचा धोंडा.
"मावशी, ह्याला वजन म्हणायचं?"
"आमच्या बेटाचो आसा," ती म्हणाली,
जणू बेट म्हणजे एखाद्या कारखान्याचा छाप.

पंचनाम्यात रकाना असतो: जप्त वस्तूचे मूळ ठिकाण.
मी लिहिलं, कवडं.
तेवढ्यावर भागलं असतं,
पण ती सांगत सुटली आणि माझं पेन थांबेना.

आधी तिथं फक्त पाखरं होती.
मग कुणा किल्लेदारानं शिंपल्यांची भट्टी लावली,
चुना गेला तटबंदीला, धूर राहिला बेटावर.
मग गोऱ्या साहेबानं प्लेगाची गलबतं
चाळीस दिवस तिथंच नांगरून ठेवायला लावली.
जे उतरले नाहीत ते सुटले,
जे उतरले त्यांच्यावर आता माड आहेत.
"नारळ गोड लागतत," एवढंच म्हणाली, नजर न उचलता.

आता घरं अकरा. चुली पेटतात सहा.
विहीर शिमग्यापर्यंत गोड,
पुढं पाणी होडीनं, पिंपाला ऐंशी रुपये.
शाळेत एक मास्तर, एक पोर;
दोघं कॅरम खेळायचे, पोर जिंकायचं.
पोर मुंबईला गेलं, मास्तर बदलीवर,
सोंगट्या शाळेतच आहेत, कुलपात.
पर्यटक येतात, विचारतात बघण्यासारखं काय आहे,
आणि उत्तराआधीच फोटो काढतात.
रात्री दर्यात दिव्यांच्या बोटी उभ्या राहतात,
शहर उगवल्यासारख्या,
आणि मासळी उजेडाकडं जाते, माणसांसारखीच.

तिचा मुलगा शिरोलीच्या फाउंड्रीत,
लोखंडाचं पाणी ओततो.
"पाण्यातच काम करता," म्हणाली.
म्हणून ती इथं; सुकट मात्र अजून तिकडची,
गगनबावड्याच्या घाटानं, एसटीच्या टपावरून.

धोंडा मी कचेरीत आणला, लेबल लावलं,
गळक्या खिडकीशी ठेवला.
जप्तीच्या दिवशी, वैशाखात: नऊशे बासष्ट ग्रॅम.
श्रावणात सहज पुन्हा तोलला: एक हजार एकेचाळीस.
काटा खराब म्हणून दुसरा आणला. तेवढंच.
जाताना ती म्हणाली होती,
"पावसात पिता तो, सायबा. तेवा गिऱ्हाइकाक जास्त पडता."
मी ते पंचनाम्यात घेतलं नव्हतं.
उन्हाळ्यात कुणाला कमी पडतं, हे तिनंही सांगितलं नव्हतं.
मग दर शनिवारी नोंद ठेवू लागलो,
मागच्या पानावर, पेन्सिलीनं.
वर्षाची सरासरी काढणं अवघड नव्हतं.
काढली नाही.

दंड पाचशे. तिनं भरला,
चिल्लरीत, मीठ लागलेल्या.
शिक्क्याची वजनं घेतली,
दोन रविवार त्यांच्यावर बोंबील तोलले, मग दिसली नाही.
शेजारच्या सुकटवाल्यानं सांगितलं, गावाला गेली.
कुठल्या, ते त्यानं विचारलं नव्हतं.

मुद्देमाल नष्ट करावा, असा आदेश आला.
मी सही केली.
आज तो धोंडा साने गुरुजी वसाहतीत
माझ्या गॅलरीत, तुळशीशेजारी आहे.
निवृत्त माणसाला उद्योग हवा असतो, बायको म्हणते,
आणि पोह्यांचा काटा पुसून ठेवते.

आज सकाळी: एक किलो अकरा.
इथं चार दिवस कडक ऊन आहे,
पलीकडच्या गच्चीत पापड वाळतायत.
तिकडं पडत असेल.