सरळ केस

फाट्यावरचं सलून माह्या बापाचं नाई, माहंच.
बाप सावळघाटात पिंपळाखाली बसे, पेटी घेऊन,
वर्षाची जवारी घेई बलुत्यात.
मी शटर लावलं, नागपूरहून आरसे आणले,
जेव्हा तुरीच्या वावरात काचेच्या इमारती उगवल्या
अन् त्यायच्या पोटात
रात्रंदिवस थंड हवा खाणारे कॉम्प्युटर.

आता डोक्यावरून मुलूख ओळखतो मी.
मिझोरामची रिनपुई पहिल्यांदा आत आली
तर बाकावरचे तिघंही उठून उभे राह्यले,
जसा काही तहसीलदारच आला.
तिचे केस पाण्यासारखे, कैचीतून निसटून जात.
श्रीकाकुळमचा पोट्टा तिरुपतीहून तुळतुळीत होऊन आला,
म्हणे, अण्णा, तुझं काम देवानं केलं.
पंजाबी इंजिनेर नुसता पंख्याखाली बसाले येतो,
मिशीलेही हात लावू देत नाई,
चहाचे पैसे मात्र तोच देतो सगळ्यायचे.

क्वाबेनाले हिरामण घेऊन आला.
हिरामण गजभिये, गेटावरचा गार्ड,
चौथीपर्यंत माह्याच वर्गातला.
"घानाचा आहे. मोठा साहेब.
मशीन बसली का रात्री यालेच उठवतात.
चौकातल्या दोन दुकानायनं सांगितलं, लाइट नाई."
पंखे फिरत होते त्यायचे, मी इथून पाहत होतो.

हात लावला.
स्प्रिंगा, बाप्पा, बारीक बारीक स्प्रिंगा!
कंगवा गेला तो अडकला, एक दात तुटला त्याचा.
मले घाम फुटला. म्हटलं,
हिरामणभाऊ, हे जमन का मले?

हिरामण बाकावर पेपर उलगडत होता.
"तुह्या बापाले बी नव्हतं जमलं," म्हणे,
"अन् माहे तर सरळच होते."

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला.
क्वाबेना आरशातून माह्याकडं पाहे, मग त्याच्याकडं.
भाषा येत नव्हती,
पण काहीतरी सांडलं, हे कळलं त्याले.

हिरामणची माय
दारात पोराले पुढ्यात धरून बसे,
हातात गोधडीच्या चिंध्या कापाची कैची.
पायऱ्या पायऱ्या पडत त्याच्या डोक्यावर
अन् आम्ही मागून मोजत असू त्या,
मोठ्यानं, पाढे म्हटल्यासारख्या.

शेवटी क्वाबेनानंच मोबाइल काढला,
त्याच्या गावचा न्हावी दाखवला,
कुठून सुरू करते, मशीन कशी उलटी धरते.
दीड तास लागला.
कानामागं एक चीर पडली, तुरटी लावली.
मी अर्धे पैसे मागितले, त्यानं पुरे दिले.
आता एकाआड रविवारी येतो.
"कसं काय बा," म्हणतो दारातूनच,
कोणं शिकवलं ते सांगत नाई.

कोणी म्हणन, पाहा, सगळ्या मुलखाचे केस
एकाच सुपलीत.
म्हणाले सोपं आहे. झाडतो मी.
क्वाबेनाचे केस झाडूले धरून बसतात,
एकेक हातानं सोडवा लागते.

हिरामण शनिवारी येतो, बाकावर बसतो.
टक्कल पडलं त्याले, कापाले काही राह्यलंच नाई.
एकदा धीर करून म्हटलं,
दाढी तरी करून देऊ का?
"घरीच करतो," म्हणे.
"सवय आहे."

मी खुर्ची पुसतो,
त्याच्या बाजूनं वळवून ठेवतो.
तो पान पलटवतो.