आकडा कुठल्या सीटवर बसतो

टोलेडोत फेब्रुवारीत रस्त्यांवर मीठ टाकतात.
ते बुटांना चिकटून आत येतं,
माझ्या ऑफिसच्या गालिच्यावर पांढरं वाळतं.
ओडेसा प्रुइट बाईंनी दारातच बूट झटकले,
दोनदा,
मग समोर बसल्या, पर्स मांडीवर उभी धरून.

बावीस वर्षं शाळेची बस चालवतात.
लांबलचक, पिवळी, अठ्ठेचाळीस पोरांची.
माझ्या पडद्यावर त्यांची सगळी कुंडली:
अपघात शून्य, दंड शून्य, दावे शून्य.
इतकी शून्यं एका रांगेत मी क्वचित पाहतो.
आणि खाली निळ्या चौकटीत
पत: पाचशे एकोणपन्नास.
त्याच्याही खाली हप्ता.

मी पडदा जरासा माझ्याकडे वळवला,
वाईट रिपोर्ट डॉक्टर वळवतात तसा.

"हा माझ्या ब्यूइकचा? सहा महिन्यांचा?"
"सहा महिन्यांचा."
"तिला विकलं तर एवढे येतील का हो?"
मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

नवऱ्याचं डायलिसिस दोन वर्षं चाललं.
हे त्यांनी सांगितलं नाही, मागे एकदा कुणाकडून तरी कळलेलं.
पडद्यावर फक्त एवढंच:
तीन कार्डं, तिन्ही काठोकाठ,
आणि एका हिवाळ्यात चार हप्ते उशिरा.
हिवाळा कसला, ते विचारायला तिथे रकानाच नाही.

"एक सांगा," त्या म्हणाल्या,
"हा तुमचा आकडा गाडीत बसतो कुठे?
माझ्या शेजारी? मागे?
पट्टा लावतो का?
ब्रेक मी दाबते की तो?"

मला कोलंबसचं प्रशिक्षण आठवलं.
तिथल्या माणसाने फार देखणा आलेख दाखवला होता:
बिलं उशिरा भरणारे दावेही जास्त करतात.
खोटं नव्हतं ते. लाख माणसांत खरंच असेल.
पण लाख माणसं माझ्या या खुर्चीत
कधी एकदम बसत नाहीत.
एकेक येतं,
बूट झटकून.

मागच्या मंगळवारी एक गृहस्थ आले होते.
पत आठशे अकरा.
गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच्याच गॅरेजचं दार तोडलं,
नाताळात एका बेकरीची काच.
त्यांचा हप्ता बाईंच्या अर्ध्याहून कमी.
चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं,
तर ते चोरही नव्हते,
भला माणूस, जाताना डोनटचा खोका ठेवून गेले.
मी त्यातले तीन खाल्ले.

"सकाळी सहा चाळीसला पहिलं पोर चढतं," बाई सांगत होत्या,
मला नाही, बहुतेक खिडकीला,
"काळोख असतो. बर्फ असतो.
कुठलीही आई माझी पत विचारत नाही.
ती विचारते, ह्याने टोपी घेतलीय का बघा जरा."

वसुली जाणते कंपनी, वळण नाही जाणत.
आणि मी? मला कमिशन मिळतं.
शब्दच तसा आहे: आकडा.
खाटकाकडे ज्याला टांगतात, तोही आकडाच.

शेवटी आम्ही कात्री चालवली.
काचेचं संरक्षण काढलं, टोइंग काढलं,
भाड्याच्या गाडीची सोय काढली.
कायद्याला लागेल तेवढं ठेवलं.
त्यांनी सही केली, पूर्ण नावाची, सावकाश,
पेन टोपण लावून परत दिलं.

बाहेर पार्किंगमध्ये दोनच गाड्या,
त्यांची आणि माझी.
बाईंनी आरसा नीट केला,
इंडिकेटर लावला,
डावीकडे पाहिलं, उजवीकडे, पुन्हा डावीकडे,
कुणीच येत नव्हतं,
तरी थांबल्या थोडं.

संध्याकाळी दुकान बंद करताना
मी माझा स्वतःचा आकडा उघडून पाहिला.
सांगत नाही किती ते.
घरी जाताना मात्र
स्टॉपच्या पाटीला पुरता थांबलो,
आणि मागच्याने हॉर्न वाजवला.