सात नंबर

पुंता अरेनासच्या धक्क्यावर, लोकरीच्या गोदामाबाहेर
कॅमेरा रात्री दोनला मान टाकतो,
पुन्हा उठतो, गरगर फिरून स्वतःला शोधतो
आणि भलतीकडेच बघत बसतो.

नेलिदा शिडीवर, दातांत स्क्रू.
खाली शिडी धरून आन्सेल्मो, रखवालदार: "भूतबाधा."
"बाधा कसली! ऐंशी मीटर वायर, तीही बारीक.
अंधारात दिवे लागले
की वीज वाटेतच दमते."

दातेरी चाकात मीठ. घुमटावर कोळिष्टक,
तेच पडद्यावर रोज चोर होऊन हलायचं.
जुनं ग्रीस खरवडलं,
मोटर कुरकुरली, मग गप्प.

जाड वायर. जागा पुन्हा नेमायच्या:
एक फाटक, दोन वजनकाटा, तीन कुंपण…
सात?
सात कागदावर नाही.
दाबला. कॅमेरा धक्का सोडून टेकडी चढला,
एका पिवळ्या खिडकीशी थांबला. झूम पूर्ण.

आन्सेल्मो बुटांकडे बघत,
"ओफेलिया. माझी बहीण.
औषध घेतलं की दिवा मालवते. अकराला."

वारा शिडी हलवत राहिला.
नेलिदानं सात पुसला नाही.
झूम तेवढा मागे घेतला,
खिडकीचा ठिपका होईपर्यंत.
ठिपका विझला तरी कळतंच.