तेवीस कागद

'तुम्हाला काय शिकायचं आहे?'
वॉल्व्हिस बेच्या मासळी कारखान्यात
मी वाटलेले तेवीस कागद
पाळी सुटताना परत आले, खवल्यांसकट.

सगळ्यांवर एकच उत्तर : कॉम्प्युटर.
सगळ्यांवर तीच डावीकडे कललेली अक्षरं,
ओळ संपताना तोच शाईचा ठिपका.

तुयाकुलाचं अक्षर. हजेरीबुकात रोज बघतो मी.

मागच्या महिन्यात नेलागोचा हात भाजला
त्या पिंपावर इशारा होता,
ठळक, तांबडा, दोन भाषांत.
चौकशीत मीच लिहिलं : निष्काळजीपणा.

आता रकाना भरायचाय, 'प्रशिक्षणाची गरज'.
तुयाकुलाला विचारावं का,
जेवणाच्या सुट्टीत, पट्टा थांबलेला असताना,
की कुणाकुणाचे कागद तू

नको.
उद्या पिंपाजवळ उभा राहीन,
इशारा मोठ्यानं वाचेन.
दोन्ही भाषांत.
मग ती जुनी चौकशीची फाईल काढेन.